धार, धार, धार

गंगवाल स्टँडवर कंडक्टर ओरडत होता,
धार, धार, धार, धार,
आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला.

डाव्या खिशात जपानी, घडीचा, पातं तीन बोटं,
कागद कापला तर कागदाला कळत नाही असा.
उजव्यात लाल स्विस. त्यात बारा अवजारं,
पैकी दात कोरायची काडी तेवढी वापरलेली.
पिशवीत फडक्यात गुंडाळलेला तिसरा,
उंटाच्या हाडाची मूठ.
घरी आणखी एकतीस.

त्या खणाला शालन म्हणते, तुमचं ऑपरेशन थिएटर.
खंडेनवमीला मी सगळे पाटावर मांडतो, झेंडू वाहतो.
ती येते आणि मधोमध विळी ठेवते,
खोबऱ्याचा वास असलेली, टोक मोडलेली.
पहिलं कुंकू विळीला.
नवा चाकू कुरिअरने आला की खोकं उघडायला
मी तिच्याकडेच भाजीची सुरी मागतो.
ती ओट्यावर ठेवते. हातात देत नाही,
हातोहात दिली की भांडण होतं म्हणून.
वर म्हणते, आता भांडायला उरलंय काय.

कंपनीचे सगळे एका चेहऱ्याचे, नंबर तेवढा वेगळा.
मला एक हवा होता माझ्या हाताचा.
घाटाबिल्लोदच्या पुढे भेरूलाल पांचाल
ट्रकच्या कमानपट्ट्यातून पातं ओढतो.
वर्तमानपत्रावर त्यानं कोळशानं माझा पंजा काढून घेतला होता,
बालवाडीत काढतात तसा.
अंगठा जरा लांब निघाला.
मग सात महिने. त्याची भट्टी खचली, मुलीचं लग्न निघालं,
मग सोयाबीन.

आज तयार होता.
राखाडी, पोटाशी किंचित फुगीर, बाभळीची मूठ.
धरला, आणि
तेहतीस वर्षं मीटरची सीलं तपासलेल्या या हाताला
कुणीतरी नावानं हाक मारली.
अंगठा फिरवून पाहिला. धार नव्हती.

काय कापायचं ते सांगा, भिया.
मटणाची धार वेगळी, दोराची वेगळी,
कलम बांधणाऱ्याची तर फारच वेगळी.
म्हटलं, तसं काही नाही. जवळ ठेवायचा.
मग असाच राहू द्या, म्हणाला,
आणि चहा सांगितला.

परतताना बेटम्याला बस थांबली.
एका बाईची सीताफळांची टोपली,
वर बांधलेली सुतळी सीटच्या पायात अडकलेली.
गाठ सुटेना. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला.
कंडक्टर म्हणाला, कुणाकडे चाकू-बिकू आहे का?

चाकू-बिकू.

माझ्याकडे चार होते.
शेजारी कॉलेजातली मुलगी, मांडीवर वही.
पुढे डुलक्या घेणारा एक हवालदार.
इस्त्रीच्या शर्टातला पांढऱ्या केसांचा माणूस
अंगावर चार चाकू घेऊन फिरतो, हे
कोणत्या वाक्यानं सुरू करतात?
मी खिडकीबाहेर पाहिलं.
कापणी झालेलं शेत होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं,
तरी बघत राहिलो.

बाई खाली बसली, सुतळी दातांत धरली,
दोनदा मान हिसडली. तुटली.
तोंडातला धागा थुंकून, टोपली डोक्यावर, उतरली.
एक सीताफळ घरंगळत माझ्या बुटाशी आलं.
उचलेपर्यंत बस सुटली होती.

रात्री भेरूलालला फोन लावला. म्हटलं, सुतळी.
पलीकडे घणाचा आवाज. काय?
सुतळी कापायची.
थोडा वेळ नुसता घणच.
मग एवढं लांब पातं कशाला करून घेतलंत?

शालनने सीताफळ दोन अंगठ्यांनी उघडलं,
जरा जास्तच पिकलं होतं,
आणि अर्धं मला दिलं, हातात.